नीळ : शब्दार्थ आणि मूर्तिस्मरण

साधनवंताच्या नित्य आचारात स्मरणाचे स्थान किती वरचे आहे, हे वाचकांस नव्याने सांगावयास नको. नाम, मूर्ती, लीला आणि चेष्टा हे स्मरणाचे विषय आपल्या आचार्यांनी लावून दिलेले आहेत. त्यांपैकी नाम जिभेवर येते, लीला आणि चेष्टा शास्त्रश्रवणाने मनात उभ्या राहतात. परंतु मूर्ती मनात आणावयास बसले म्हणजे प्रथम प्रश्न येतो तो वर्णाचा. द्वापरी अवतरलेल्या श्रीकृष्णचक्रवर्तींची मूर्ती आठवावयाची, तर ती कोणत्या वर्णाची आठवावी? पुराणे तिला श्याम म्हणतात, मराठी कवी सावळी म्हणतात, भाविक तिला घननीळ म्हणून आळवितात. आणि घरच्या भिंतीवरील तसबिरीत तर देव स्वच्छ आकाशासारखा निळा दिसतो. हे सर्व शब्द एकाच अर्थाचे आहेत काय? नसतील तर साधकाने कोणता धरावा?

या निरूपणात 'नीळ' या एकाच शब्दाचा विचार करावयाचा आहे. शब्द दोन अक्षरांचा आहे. पण त्याचा अर्थ निसटला की स्मरण निसटते, आणि स्मरण निसटले की आचारही निसटतो. तो कसा, हे क्रमाने पाहू.

प्रथम शब्दार्थ. आज आपण 'निळा' म्हणतो तेव्हा मनात काळ्याहून अगदी वेगळा असा एक रंग असतो. संस्कृतातील 'नील' शब्दाची मर्यादा मात्र इतकी आखलेली नव्हती. अमरकोशाने 'नील' हा शब्द कृष्ण, श्याम आणि काल या शब्दांच्या पंक्तीलाच बसविला आहे. म्हणजे काळोखी, गडद, आत खोल गेलेली अशी जी छटा, ती सर्व त्या शब्दात येते. केसांना नील म्हटले आहे, अंजनाला नील म्हटले आहे, भरलेल्या मेघालाही नील म्हटले आहे. यांपैकी एकही वस्तू तसबिरीतील रंगाची नाही. हाच शब्द मराठीत येताना त्यातील 'ल'चा 'ळ' झाला आणि 'नीळ', 'निळा' ही रूपे सिद्ध झाली. 'श्यामल' शब्द प्राकृतातून उतरत उतरत 'सावळा' झाला. तात्पर्य, सावळा आणि नीळ ही एकाच वर्णाकडे दाखविणारी दोन बोटे होत.

'नीळ' शब्दाचा दुसरा अर्थ वनस्पतीचा. जिच्या पानांपासून रंग निघतो त्या झाडास संस्कृतात 'नीली' म्हणतात, आणि तो रंग दिलेल्या वस्त्रास 'नील' म्हणतात. ही दोन्ही रूपे कशी साधावी याचा विचार पाणिनीय व्याकरणात स्वतंत्रपणे केलेला आहे. यावरून हा रंग आपल्या देशात किती जुना आहे ते कळते. हाच शब्द अरबांच्या बोलीत 'अन्‌-नील' झाला, पोर्तुगिजांकडे 'अनिल' झाला, आणि रसायनशास्त्रातील 'अॅनिलिन' या नावात आजही तो शिल्लक आहे. या दुसऱ्या अर्थाकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे. तूर्त पहिलाच अर्थ तपासू.

'घननीळ' हा शब्द सुटा करून पाहा. घन म्हणजे मेघ; त्याच्यासारखा जो नीळ तो घननीळ. आता मेघ कोणता? कार्तिकात आभाळात रेंगाळणारा मेघ पांढरा असतो, त्याच्या पोटी पाणी नसते. ज्येष्ठाच्या अखेरीस वऱ्हाडातील शेतकरी तापलेल्या काळ्या रानात उभा राहून ज्याची वाट पाहतो, तो मेघ काळाभोर असतो. पाण्याने तो इतका दाटलेला असतो की प्रकाश त्यातून सहज पार होत नाही. म्हणून तो खालून काळा दिसतो. तो पाहून शेतकऱ्याला भय वाटत नाही, त्याचे डोळे निवतात. परमेश्वराच्या मूर्तीला घननीळ म्हणणाऱ्याने हा मेघ पाहिलेला आहे. ज्याच्या पोटी द्यावयाचे आहे आणि जो आता वर्षणार आहे, तो नीळ. रिता तो पांढरा. म्हणजे या शब्दात वर्णाबरोबर कृपेची वार्ताही आलेली आहे.

मग तसबिरीतील निळ्या रंगाचे काय? चित्रकाराला दूषण देण्याचे कारण नाही. पटावर काळा रंग भरला तर नाक, डोळे, स्मित काहीच उमटत नाही, आणि अंगकांतीचे तेजही दाखविता येत नाही. म्हणून गडद वर्ण दाखवावा आणि तो तेजस्वीही दिसावा, यासाठी राजस्थानी आणि पहाडी चित्रकारांनी पूर्वीच निळ्या रंगाचा आधार घेतला होता. पुढे १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला, देवादिकांच्या रंगीत तसबिरी स्वस्त झाल्या आणि घरोघरी पोचल्या. त्यांमागून दिनदर्शिका आल्या आणि त्यांवरील निळाई अधिकाधिक उजळ होत गेली. चित्रकाराने सोय म्हणून जे केले ते पाहणाऱ्याने प्रमाण म्हणून धरले. आज लहान मुलाला विचारावे तर ते सांगते की देवाचा रंग आकाशाचा असतो, माणसाचा नसतो. येथे विचार करणाऱ्याने थांबले पाहिजे. परमेश्वर जीवोद्धरणासाठी मनुष्यवेष स्वीकारतो हा आपल्या सिद्धांताचा गाभा आहे. ज्या वर्णाचा मनुष्य या पृथ्वीवर नाही तो वर्ण मूर्तीला देऊन आपण तो मनुष्यवेष नकळत दूर सारतो.

आपल्या पुष्कळ स्थानांवर केवळ ओटे आहेत, हे या दृष्टीने लक्षात घ्यावे. तेथे नाक, डोळे, रंग यांनी युक्त अशी प्रतिमा नसते. चरणांचा संबंध घडला त्या भूमीला नमस्कार असतो. ऋद्धिपूरला दंडवत घालणाऱ्या वासनिकाला मूर्ती बाहेरून कोणी दाखवीत नाही, ती त्याला लीळा आठवून आपल्या मनातच आणावी लागते. ज्याच्या जवळ शब्दांचा अर्थ शुद्ध आहे त्यालाच हे साधते. सकळ लिपीतील पोथी ज्याच्या हाती किल्ली नाही त्याने वाचली तर अक्षरे ओळखीची, पण शब्द भलताच लागतो. वर्णवाचक शब्दांचेही तसेच आहे. 'नीळ' अक्षरे ओळखीची आहेत म्हणून अर्थही हाती आला, असे समजू नये.

येथे कोणी अशी शंका घेईल : आकाश निळे दिसते, पण जवळ जाऊन पाहिले तर तेथे निळाई नसते. पदार्थविज्ञानही सांगते की सूर्यप्रकाश हवेतील सूक्ष्म कणांवरून विखुरतो आणि त्यातील निळा भाग अधिक पसरतो म्हणून आकाश तसे दिसते. अद्वैती वेदान्तात आकाशाच्या या वर्णाचा दृष्टांत आरोपासाठीच दिला जातो. मग परमेश्वराचा नीळ वर्णही तसाच, दिसणारा पण नसणारा, असे का म्हणू नये? वर्ण सोडावा, मूर्तीही सोडावी, आणि निराकाराचेच चिंतन करावे.

याचे समाधान असे. दृष्टांत जेवढ्यापुरता दिला तेवढ्यापुरताच घ्यावयाचा असतो. आकाशाची उपमा परमेश्वराच्या अपारतेसाठी दिली तर ती शोभते. मूर्ती नव्हतीच हे सिद्ध करण्यासाठी ती ओढली तर शास्त्राला पीडा होते. आपल्या शास्त्रात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वतंत्र आहेत, आणि निराकार परमेश्वर कृपेने साकार होतो, हे जीवाच्या सुटकेचे द्वार आहे. साकार मूर्ती नुसता भास असती तर सन्निधानाला काय अर्थ राहिला असता? अर्जुनाने ज्याला सखा म्हणून हाक मारली तो भास नव्हता. गीतेच्या ११ व्या अध्यायात विश्वरूप दाखविताना भगवंत आपली रूपे नाना वर्णांची आणि नाना आकृतींची असल्याचे सांगतात. तरीही ते सर्व पाहून घाबरलेला अर्जुन शेवटी सौम्य मनुष्यरूपच पुन्हा मागतो, आणि ते दिसल्यावरच त्याचे चित्त ठिकाणावर येते. ज्या सावळ्या मनुष्यरूपाने अर्जुनाचे चित्त स्थिर झाले, तेच रूप आपण स्मरावयाचे आहे.

दुसरी शंका याच्या उलट बाजूने येते. सावळा वर्ण खरा मानला तर 'कृष्ण' हे नाव केवळ कातडीच्या रंगावरून पडले असे होईल, आणि परमेश्वराचे नाव इतक्या बाह्य गोष्टीवर कसे टेकेल? याचे उत्तर महाभारतातच आहे. शांतिपर्वात भगवंत स्वतः अर्जुनाला या नावाची उपपत्ती सांगतात. तेथे दोन गोष्टी एकत्र येतात : काळ्या लोखंडाचा मोठा फाळ होऊन मी पृथ्वी नांगरतो, आणि माझा वर्णही काळा आहे, म्हणून मी कृष्ण. वर्ण नाकारलेला नाही, पण वर्णाच्या आधी कार्य सांगितले आहे. फाळ काळा असतो, तो भूमीत खोल शिरतो, आणि तो शिरल्यावाचून पेरलेले उगवत नाही. शिवाय आपल्या पंथात पाचही अवतारांना मिळून 'पंचकृष्ण' म्हणतात. श्रीदत्तात्रेयप्रभू, श्रीचक्रपाणिप्रभू, श्रीगोविंदप्रभू आणि सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी यांना हे नाव लागते ते अंगकांतीवरून नव्हे, परब्रह्मत्वावरून, हे सांगावयास नकोच.

आणखी एक लक्षणीय गोष्ट. गीतेच्या १० व्या अध्यायातील ३७ व्या श्लोकात भगवंत आपल्या विभूती सांगताना वृष्णिकुळातील वासुदेव, पांडवांतील धनंजय आणि मुनींमधील व्यास असा उल्लेख एकापाठोपाठ करतात. या तिघांचेही नाव कृष्ण आहे. वासुदेव तो श्रीकृष्ण. व्यास ते कृष्णद्वैपायन. आणि अर्जुनाच्या दहा नावांतही कृष्ण हे एक आहे. विराटपर्वात अर्जुन विराटपुत्र उत्तराला सांगतो की, सावळ्या पण तेजस्वी अशा बालकावर पित्याचे प्रेम जडले आणि त्या प्रेमाने त्याने हे नाव ठेवले. पांडवांची राणी द्रौपदी हीही कृष्णाच. तिच्या अंगाचा गंध नीलोत्पलासारखा होता आणि तो कोसभर दरवळे, असे व्यासांनी वर्णिले आहे. मूल सावळे जन्मले म्हणून पित्याने सुस्कारा टाकला नाही. त्याने त्या वर्णालाच लाडके नाव केले.

आता आचाराकडे वळू, कारण शब्दार्थाची ही सारी खटपट त्यासाठीच आहे. आपल्या घरांतून सायंकाळी सावळ्या परमेश्वराची आरती होते आणि त्याच घरात दुसऱ्या दिवशी सुनेसाठी मुलगी पाहताना पहिला प्रश्न होतो तो 'मुलगी उजळ आहे ना?' हा. सावळ्या मुलीचे आईबाप अर्ध्या आवाजात बोलतात. तिच्या गुणांची यादी सांगताना तिच्या वर्णाची जणू क्षमा मागतात. मुलगी ते ऐकत असते. लहानपणापासून तिने आरतीतला शब्द ऐकलेला असतो आणि सोयरिकीतलाही. दोन्ही शब्द एकाच वर्णाचे, एक हात जोडून उच्चारलेला आणि दुसरा मान फिरवून. या दोहोंपैकी आपली माणसे खरे कोणते बोलतात, हे तिला वेगळे सांगावे लागत नाही.

हा दोष सामान्य लोकव्यवहाराचा म्हणून सोडून देता येणार नाही. जो मूर्तिस्मरण करतो त्याच्याकडून तो घडला तर तो स्मरणाचाच दोष होय. तसबिरीतील आकाशाच्या रंगाने येथे आपली मोठी सोय केली आहे. देव निळा आणि मुलगी काळी, असे दोन वेगळे शब्द मिळाले म्हणून मनाला खटकत नाही. 'नीळ' शब्दाचा खरा अर्थ परत आणला की ही सोय संपते. मग ज्या वर्णापुढे सकाळी दंडवत घातले, त्याच वर्णाला दुपारी उणे म्हणताना जीभ अडखळते. आणि ती अडखळावी यातच शास्त्रश्रवणाचे फळ आहे.

जुन्या लोकव्यवहारात या रंगाची अवहेलना दुसऱ्याही मार्गाने झालेली आहे. मनुस्मृतीच्या १० व्या अध्यायात आपत्काळी व्यापार करणाऱ्या ब्राह्मणाने काय विकू नये याची जी यादी आहे, तीत मद्य आणि लाख यांच्याबरोबर नीळही येते. रंग तयार करताना पाने कुजवावी लागतात, त्याला उग्र वास येतो. म्हणून काम हलके, आणि ते काम करणारा निळारीही हलका ठरला. ज्या सर्वज्ञांनी स्त्रीशूद्रांना ज्ञानाचा अधिकार दिला आणि मराठीतून निरूपण केले, त्यांच्या अनुयायांनी वस्तूच्या आणि मनुष्याच्या अशा हलकेपणाकडे सावधपणे पाहिले पाहिजे. शिवाय आपल्याला स्मरणाचा उत्तम दृष्टांत मिळतो तो याच निळाऱ्याच्या रांजणातून.

आपल्या परंपरेत दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी जी रीत आहे तिला अनुसरून येथे तीन दृष्टांत मांडतो. ते दृष्टांतपाठातील नाहीत. केवळ रीत तेथील आहे.

पहिला इंद्रनीळाचा. गरुडपुराणातील रत्नपरीक्षेत महानीळ नावाच्या रत्नाचे लक्षण असे दिले आहे की, आपल्या शंभरपट दुधात ते ठेवले असता सर्व दूध नीळ दिसू लागते. रत्न झिजत नाही आणि दुधाला काही करावे लागत नाही. केवळ रत्न जवळ असते. दार्ष्टांतिक असे की, सन्निधानात जीवाला जी स्थिती लाभली ती अशी होती. परंतु रत्न काढून घेतले की दूध पूर्ववत पांढरे. स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजनांवर जो प्रसंग आला तो हाच. आपण सर्व असन्निधानातील जीव आहोत. रत्नाच्या आठवणीवर निर्वाह कसा करावा, हे आपल्याला शिकावयाचे आहे.

दुसरा दृष्टांत घरच्या धुण्याचा. पांढरे कापड वारंवार धुऊन पिवळट पडते, म्हणून शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ घालतात. त्या निळीने कापड निळे व्हावे अशी कोणाची इच्छा नसते. ते लोकांना अधिक पांढरे दिसावे एवढाच हेतू असतो. पुढच्या धुण्याला ती निघून जाते आणि पुन्हा घालावी लागते. दार्ष्टांतिक असे की, यात्रेत, पर्वकाळी, चारचौघांत जे स्मरण होते आणि घरी परतताच उतरते, ते धुण्याची नीळ होय. परमेश्वराचा वर्ण आपण घेतला तो आपलीच शुभ्रता लोकांना दाखविण्यासाठी.

तिसरा निळाऱ्याच्या रांजणाचा. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून निळारी चुना आणि आंबविलेले पदार्थ घालून ती अशा स्थितीला आणतो की ती पाण्यात मिसळते; तेव्हा रांजणातील पाणी निळे राहत नाही, पिवळट हिरवे होते. कापड त्यात बुडवून वर काढले तर तेही पिवळट हिरवेच निघते. अजाण पाहणाऱ्याला वाटते, रंग लागलाच नाही. पण वारा लागताच त्याच्या डोळ्यांदेखत कापड हिरव्याचे निळे होऊ लागते. एका बुडीने फिकी छटा येते. गडद नीळ हवी असेल तर बुडवावे, वर काढून वाऱ्यावर धरावे, पुन्हा बुडवावे, असे अनेक वेळा करावे लागते. आणि एकदा तंतूत शिरून वाऱ्याने पक्का झालेला तो रंग मग साध्या पाण्याने उतरत नाही, कारण तो आता पाण्यात विरघळणाराच राहिलेला नसतो.

दार्ष्टांतिक असे की, श्रवण आणि विजनातील स्मरण ही बुडी होय, आणि अटन, भिक्षा, लोकांशी पडणारा संबंध हा वारा होय. रांजणातच राहिलेल्या कापडाला रंग प्रकटत नाही, आणि जे कधी बुडलेच नाही त्याला कितीही वारा लागला तरी ते कोरेच राहते. भिक्षुकाला दोन्ही नेमून दिलेली आहेत ती उगीच नव्हेत. गृहस्थ वासनिकाचेही तसेच : पहाटेचे स्मरण ही बुडी, आणि दिवसभराचा व्यवहार हा वारा. स्मरणाचा रंग खरोखर लागला की नाही हे आसनावर बसून कळत नाही; उठल्यावर, बाजारात, शेतात, सोयरिकीच्या बैठकीत कळते. वर सांगितलेली सावळी मुलगी समोर बसली असता आपल्या तोंडून जो शब्द निघतो, त्यात आपली बुडी किती खोल गेली होती हे दिसून येते.

साहित्यशास्त्रानेही या रंगाला असाच मान दिला आहे. विश्वनाथाच्या साहित्यदर्पणात प्रेमाचे तीन राग सांगितले आहेत : नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग. कुसुंभ म्हणजे करडईच्या फुलाचा रंग. तो फार झळकतो पण लवकर जातो. मंजिष्ठेचा झळकतोही आणि टिकतोही. नीलीचा बाहेर फारसा शोभत नाही, पण मनातून कधी जात नाही. येथे कोणी विचारील की, मग मंजिष्ठाराग श्रेष्ठ नव्हे काय? कवीच्या दृष्टीने असेल. साधकाने मात्र झळकण्याची अपेक्षा धरू नये, कारण झळकणे दुसऱ्याच्या डोळ्यांत असते आणि टिकणे आपल्या अंतःकरणात. जे आपल्या अंतःकरणाचे आहे तेवढेच साधावयाचे आहे. म्हणून परमेश्वराविषयीचा प्रेमभाव नीलीरागाचा असावा : न मिरविणारा, न उतरणारा.

सारांश असा की, 'नीळ' हा शब्द गडद सावळ्या वर्णाचा आहे आणि आत शिरून राहणाऱ्या रंगाचाही आहे. पहिल्या अर्थाने तो आपल्याला परमेश्वराची मनुष्यवेषातील खरी मूर्ती दाखवितो, आणि त्या वर्णाच्या कोणाही मनुष्याला उणे लेखू देत नाही. दुसऱ्या अर्थाने तो स्मरणाची रीत शिकवितो : वारंवार बुडावे, वारंवार वाऱ्यावर यावे, आणि रंग दिसत नाही म्हणून धीर सोडू नये. उद्या प्रातःकाळी मूर्तिस्मरणास बसताना भिंतीवरील निळाई क्षणभर बाजूला ठेवावी आणि पाण्याने ओथंबलेला काळा मेघ मनात आणावा. मग स्मरणातून उठल्यावर घरातील, शिवारातील, रस्त्यावरील सावळी माणसे पाहावीत. त्यांच्याकडे पाहताना डोळे निवले, तर स्मरण घडले असे समजावे.